मोकळा आणि मोकाट

प्राथमिक शाळेत 'माझा आवडता प्राणी' या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. निम्म्याहून अधिक वह्यांत तो प्राणी कुत्राच असायचा. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करतो, त्याला चार पाय व एक शेपूट असते, एवढे लिहिले की दहापैकी सहा गुण ठरलेले! परंतु राखण करून झाल्यावर हा इमानी प्राणी धावतो कोठे, त्याला धावायला जागा कोणी द्यावी, आणि त्याच्या धावण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांनी कोठे जावे, हे प्रश्न त्या निबंधात कधी आले नाहीत. शहरात राहू लागल्यापासून मला तेच प्रश्न मोठे वाटू लागले आहेत.

हल्ली कुत्र्यांचा विषय निघाला की माणसांचे ताबडतोब दोन तट पडतात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. पुढे २२ ऑगस्टला तो आदेश बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या भागात परत सोडावीत, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. त्या अकरा दिवसांत आमच्या वर्गात झालेली भांडणे मी ऐकली आहेत. एका बाकावर श्वानप्रेमी, दुसऱ्या बाकावर श्वानद्वेष्टे. मला दोन्हीपैकी कोणत्याच बाकावर बसता येईना. कारण आमच्या घराचा कुत्र्याशी असलेला संबंध प्रेमाचा नाही आणि द्वेषाचाही नाही. तो पोटाचा आहे. माझी आई दुसऱ्यांचा कुत्रा फिरवून महिन्याला दोन हजार रुपये मिळवते. माझी परीक्षेची फी त्यातूनच भरली जाते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजते.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत : मोकळा आणि मोकाट. ऐकायला ते सख्खे भाऊ वाटतात, पण स्वभावाने एकमेकांच्या अगदी विरुद्ध. मोकळा म्हणजे ज्याला बांधलेले नाही, पण ज्याला आपले माणूस आहे, आपली जागा आहे आणि आपली हद्द ठाऊक आहे. मोकाट म्हणजे ज्याची जबाबदारी कोणाचीच नाही. आपल्या शहरात कुत्र्यांच्या बाबतीत जो गोंधळ चालला आहे, त्याचे मूळ या दोन शब्दांतील फरक आपण विसरलो यात आहे. साखळी सोडली की कुत्रा मोकळा होतो, असा आपला समज झाला आहे. वास्तविक साखळी सोडल्याने तो फक्त सुटतो. तो मोकळा होणार की मोकाट, हे माणसाने त्याच्यासाठी आधी काय केले आहे यावर ठरते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमचे मूळ घर माण तालुक्यातले, मेंढपाळाचे. पावसाळा सरला की आजोबांचा वाडा पाण्याच्या मुलखाकडे निघायचा. मेंढरे, घोड्यावर बिऱ्हाड, करडे-कोकरे, आणि भोवताली तीन-चार कुत्री. त्या कुत्र्यांना जन्मात कधी साखळी लागली नाही. लांडग्याने नरड्याला धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा तेवढा असे. रात्री मेंढरांभोवती जाळी लावली की कुत्री जाळीच्या बाहेर चार दिशांना पडत. भाकरी आणि ताक हा त्यांचा पगार. पण ही कुत्री मोकाट नव्हती. पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांत वाढे. कोकराच्या अंगावर गेले की पहिली चापट, दुसऱ्यांदा गेले की त्या दिवशी भाकरी नाही. वर्षाचे होईपर्यंत त्याला समजे, की आपले कोण, परके कोण, आणि कोणावर भुंकायचे नाही. हे सर्व वडिलांकडून ऐकताना मला नेहमी वाटते, की त्या कुत्र्याची एक शाळाच होती. आजोबा त्या शाळेचे मास्तर. स्वतः मात्र ते एकही इयत्ता शिकले नव्हते!

आपल्या दैवतांच्या पायाशीही कुत्रा आहे. खंडोबाबरोबर तो आहे. दत्तात्रेयाभोवती तर चार कुत्री आहेत आणि त्यांना चार वेद मानतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. स्वर्गाच्या दारापर्यंत आलेल्या कुत्र्याला सोडून आत पाऊल टाकायला धर्मराजाने नकार दिला, ही कथाही आपण ऐकली आहे. म्हणजे कुत्र्याला जवळ करायला आम्ही कोणाकडून शिकायला हवे असे नाही. प्रश्न आहे तो कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवल्यानंतरचा.

लागोपाठच्या दुष्काळांत मेंढरे विकावी लागली आणि वडील पुण्यात आले. वेताळ टेकडीच्या पायथ्याच्या बाजूला एका सोसायटीत ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. आई त्याच परिसरात चार घरची कामे करते. त्यांपैकी एका घरात एक लॅब्राडोर कुत्रा आहे. तो गुणी आहे, देखणा आहे, आणि सकाळी साहेब व ताई कामावर गेले की दिवसभर एकटा आहे. सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास आई त्याला फिरवते. म्हणजे चोवीस तासांपैकी एक तास त्याच्या पायाला जमीन लागते, आणि तीही डांबराची. पाण्यात उड्या घेणारी आणि मैलोगणती पळणारी ही जात! तिला चार खोल्यांत ठेवायचे आणि तिने सोफा फाडला म्हणजे तिलाच रागवायचे, हा न्याय मला समजत नाही.

आपल्या कायद्याला मात्र ते समजले होते. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचे अकरावे कलम वाचण्यासारखे आहे. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे ही क्रूरता आहेच. पण नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणे हीसुद्धा त्याच कलमात क्रूरता ठरवली आहे. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. दंड ऐकून हसू येते, पण कलमामागचा विचार हसण्यासारखा नाही. कुत्र्याला धावायला मिळणे ही चैन नसून त्याचा हक्क आहे, असे कायद्याने ६० वर्षांपूर्वीच मानले आहे. हा हक्क बजावायचा कोठे, हे मात्र कोणी सांगत नाही. बागांच्या फाटकांवर 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी असते. रस्त्यावर वाहने आहेत. मग उरते काय? टेकडी.

म्हणून रविवारी लोक टेकडीवर येतात. आम्हीही जातो. ताईंनी आईला सांगितले, "रविवारी याला वर नेत जा, तिथे सोडा, पळू दे." त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, पण आई, रात्रपाळी करून आलेले वडील, पाचवीतला धाकटा भाऊ आणि मी असे चौघे त्या कुत्र्याबरोबर निघतो. वाचकांना कदाचित नवल वाटेल, परंतु 'फिरायला जाणे' ही गोष्ट आमच्या घराण्यात त्यापूर्वी कोणी केलेली नव्हती. माझी आई आयुष्यभर चालली आहे. पाण्यासाठी, सरपणासाठी, वाड्यामागून, कामाच्या घरांकडे. पण कामाशिवाय, झाडाखालून, हात मोकळे सोडून ती चालली ती या कुत्र्यामुळे. आणि माझे म्हणाल तर, एकट्या मुलीने टेकडीवर जाऊन बसावे अशी परिस्थिती नाही. कुत्रा सोबत असला म्हणजे मला कोणी विचारत नाही, की तू इथे काय करतेस? कुत्र्याला फिरवायला आणले आहे, एवढे उत्तर पुरते. एका मुक्या जनावराने एका कुटुंबाला विसाव्याचा परवाना मिळवून दिला, असेच म्हणावे लागेल.

टेकडीही तशीच आहे. पुणे शहरातील हे सर्वात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. बराच भाग वनखात्याचा. जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साठलेले असते. एके काळी लावलेल्या गिरिपुष्पाची दाटी आहे, मधून गवताची पठारे आहेत, मोर आहेत. तिच्या पोटातून बोगदे आणि अंगावरून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ साली हजारो नागरिक रस्त्यावर उतरले होते, एवढी ती लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात आम्ही विद्यार्थ्यांनी तिथे खड्डे खणले आहेत, त्यामुळे तिचा मुरूम किती कठीण आहे हे आमच्या तळहातांना माहीत आहे.

साखळी सोडल्यावर झाडीत शिरणारा कुत्रा पाहावा. तो आधी धावतच नाही. तो आधी वास घेतो. पाचोळा, झाडाचे बूड, दगडाची कपार, काल कोणी येथून गेले त्याचा माग. आपण जसे वर्तमानपत्र उघडतो तसे तो रान उघडतो. त्यानंतर जी धाव घेतो, ती पाहून आमचे वडीलसुद्धा हसतात, आणि रात्रपाळीच्या माणसाचे सकाळी आठला हसणे दुर्मीळ असते. हा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. कुत्र्यांच्या विरुद्ध लिहिणाऱ्यांनी तो एकदा तरी पाहावा.

पण त्याच झाडीतली दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. गेल्या आषाढात आमचा हा गुणी कुत्रा एका लांडोरीमागे सुटला आणि दिसेनासा झाला. अर्धा तास त्याचा पत्ता नव्हता. त्या अर्ध्या तासात आईचा चेहरा मी पाहिला आहे. कुत्र्याची किंमत तिच्या फिरवण्याच्या वर्षभराच्या पगाराएवढी. कुत्रा हरवला असता तर ताई रडल्या असत्या, आणि आईचे काम गेले असते. वर वडिलांच्या नोकरीवरही बोट आले असते. "सोडा" म्हणणे मालकाला सोपे असते, कारण सोडण्याची जोखीम सोडणाऱ्या हाताची असते. अखेरीस खाणीच्या पाण्याजवळ वडिलांना तो सापडला. ते त्याला रागावले नाहीत. आईला एवढेच म्हणाले, "कुत्रं बांधून शिकत न्हाय, आन् नुस्तं सोडूनबी शिकत न्हाय. त्याला संगं घिऊन हिंडावं लागतंय." लांडोरीचे पुढे काय झाले, हे मात्र आम्हांपैकी कोणी पाहिले नाही. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. त्यांच्या घरात दर रविवारी परक्यांची शेकडो पावले आणि शेकडो पंजे शिरतात, याचा हिशोब कोण ठेवणार?

माझ्या धाकट्या भावाचा अनुभव याहून वाईट आहे. त्याच पायवाटेवर एक भलामोठा कुत्रा साखळीविना त्याच्या अंगावर धावून आला. मागून मालकाचा आवाज आला, "घाबरू नकोस, तो काही करत नाही!" हे वाक्य संपेपर्यंत त्याने केले होते. भावाच्या पोटरीला दात लागले. मालकाने कुत्र्याची सर्व इंजेक्शने झाली असल्याचे सांगितले व ते निघून गेले. डॉक्टरांनी अर्थातच तोंडी शब्दावर विश्वास न ठेवता लस सुरू केली. एकेकाळी यासाठी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. आता दंडावर देतात, पण त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दवाखान्याची वारी चुकत नाही. लस फुकट होती. आईचे चार अर्धे दिवस फुकट नव्हते. चावा लागताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, हे तरी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही. तेव्हा 'तो काही करत नाही' हा पुरावा नव्हे. तो मालकाचा लाड आहे.

जंगलाच्या बाबतीतही असेच. गीरच्या रानात २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांच्यात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचे विषाणू सापडले. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीतून उघड झाले. ज्या लांडग्याच्या भीतीने आजोबा कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालत, तो लांडगा आता कुत्र्यांमुळेच नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे. दातांनी नव्हे, तर रोगाने आणि संकराने. यात कुत्र्याचा दोष नाही. कुत्रा जंगलात स्वतःहून गेलेला नाही. माणसाच्या मागून गेला आहे.

येथे मला एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव जंगलात गुरे चारणे हा अपराध आहे. चराईबंदीच्या जागेत मेंढरे शिरली म्हणून आजोबांनी कित्येकदा दंड भरला आहे. एकदा तर दंडासाठी दोन मेंढ्या विकल्या. मेंढरू पोटासाठी रानात गेले तर ते अतिक्रमण. महागडा पट्टा घातलेला कुत्रा गमतीसाठी रानात गेला तर ते निसर्गप्रेम! मी असे म्हणत नाही, की टेकडीवर मेंढरे सोडा. कोवळी रोपे मेंढरे ठेवणार नाहीत, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. मी एवढेच म्हणते, की रानाचा नियम गरिबाच्या जनावराला एक आणि श्रीमंताच्या जनावराला दुसरा असू नये. टेकडीवर कुत्रा साखळीनेच न्यावा. यात आमचा कुत्राही आला आणि आमचा रविवारही आला.

मग कुत्र्याने धावायचे कोठे? माझे उत्तर असे, की शहराने त्याच्यासाठी कुंपण घालावे. होय, कुंपणच! कुंपण म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो. पण मेंढपाळाच्या घरात कुंपण म्हणजे निर्धास्त झोप. अमेरिकेतील बर्कली शहरात १९७९ साली भुयारी रेल्वेच्या कामासाठी मोकळ्या केलेल्या जागेवर कुत्र्यांना साखळीविना सोडण्याचे उद्यान सुरू झाले. त्या देशातील ते अशा प्रकारचे पहिले उद्यान मानले जाते. आपल्याकडे हैदराबादच्या कोंडापूर भागात पूर्वी कचरा पडणाऱ्या सुमारे सव्वा एकर जागेवर २०१८ साली असे उद्यान झाले. म्हणजे यासाठी जंगल लागत नाही. बांधकामातून उरलेली, कचऱ्याने भरलेली, कोणाच्याच उपयोगाची नसलेली जागा पुरते.

रचना साधी असते. दोन फाटके एकापाठोपाठ एक. बाहेरचे फाटक लावून घ्यायचे, मधल्या जागेत साखळी काढायची, मग आतले फाटक उघडायचे. म्हणजे एक आत येताना दुसरा बाहेर निसटत नाही. लहान कुत्र्यांना वेगळा भाग. पिण्याचे पाणी. विष्ठा ज्याच्या कुत्र्याची त्यानेच उचलायची. लस टोचल्याचा दाखला दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. माजावर आलेल्या कुत्रीला त्या दिवसांत प्रवेश नाही. आणि माझी एक पुस्ती : तिथे नुसती हिरवळ नको, झाडी हवी. कडुनिंब, करंज, आपटा, बहावा लावावेत. ज्याचे सारे जग नाकात आहे त्याला उघड्याबोडक्या मैदानात काय वाचायला मिळणार? झाडे वाढायला पाच-सात वर्षे लागतील. तोपर्यंत आमच्यासारखे विद्यार्थी खड्डे खणायला आहेतच.

यावर पहिला आक्षेप येईल तो मला माहीत आहे. माणसांच्या पोरांना खेळायला जागा नाही आणि कुत्र्यांना बागा हव्यात काय? प्रश्न रास्त आहे. तो आमच्या वस्तीतून आला तर मी मान खाली घालीन, कारण आमच्या वस्तीत खरोखरच मैदान नाही. पण हा प्रश्न बहुधा तेच विचारतात, ज्यांनी मुलांच्या मैदानासाठीही कधी अर्ज केलेला नसतो. मुलांना मैदान द्या आणि कुत्र्यांना कुंपण द्या. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती नाहीत. उलट कुत्र्यांची सोय झाली तर मुलांची पायवाट निर्धोक होईल. खर्चाचे म्हणाल, तर पाळीव कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून घ्यावाच लागतो. सर्वांनी तो प्रामाणिकपणे घेतला आणि ते पैसे या कामी वापरले, तर गरिबाच्या खिशाला हात लावावा लागणार नाही.

माझी एक अट मात्र आहे. या फाटकावर कुत्र्याची लस तपासावी, माणसाचे कपडे तपासू नयेत. शहरात सकाळी निघून पाहा. निम्म्या साखळ्या मालकांच्या हातांत नसतात. त्या कामवाल्या बायका, वॉचमन, गावाकडून आलेली पोरे यांच्या हातांत असतात. सोसायटीच्या लिफ्टमधून कुत्रा आणि आई एकत्र जातात, तेव्हा आईला ती लिफ्ट चालते. कुत्रा वर पोहोचवून ती एकटी उतरू लागली की तिला मागचा जिना दाखवला जातो. असे उद्यान मला नको, जिथे बाकावर बसण्यासाठी कुत्र्याचा मालकच असावे लागते. आईसारख्यांना तर या कुंपणाची गरज मालकांपेक्षा जास्त आहे. रस्त्यावर तिला साखळी सोडता येत नाही, टेकडीवर सोडली तर नोकरी पणाला लागते. कुंपणाच्या आत मात्र ती निर्धास्तपणे साखळी काढील, आणि अर्धा तास बाकावर टेकेल. कुत्रा मोकळा होईल आणि तीही.

राहता राहिली रस्त्यावरची कुत्री. त्यांच्यासाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. निर्बीजीकरण आणि लसीकरण करावे, खाऊ घालण्याची जागा ठरवून घ्यावी, असे ते नियम सांगतात. ते काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत, यात वाद नाही. पण रस्त्यावर कधी कधी एखादा जातिवंत कुत्राही गोंधळून उभा दिसतो, त्याचे काय? तो पिल्लू असताना कोणाच्या तरी वाढदिवसाची भेट होता. मोठा झाला, खर्च वाढला, बदली झाली, आणि एका रात्री गाडीचे दार उघडून त्याला खाली उतरवले गेले. मोकाट कुत्रे जन्मतःच मोकाट नसते. त्याला कोणीतरी तसे करते. ज्या घरात कुत्र्याला धावू देण्याची सोय नाही, त्या घराने तो आणताना दोनदा विचार करावा, हे सांगायला न्यायालय कशाला हवे?

हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा 'मोकाट' या शब्दाशी ते थांबले. का थांबले, ते मला माहीत आहे. मी बारावीनंतर पुढे शिकायचे ठरवले त्या वर्षी गावाकडच्या भावकीने त्यांना हाच शब्द ऐकवला होता. "पोरगी कालेजात घातली म्हंजी मोकाट सोडली." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील त्यांना म्हणाले होते, "मोकाट न्हाय, मोकळी सोडलीया. तिला हद्द म्या न्हाय आखून दिली, तिची तिला ठावं हाय." त्या दिवसापासून या दोन शब्दांमधले अंतर मला व्याकरणाचे वाटत नाही. ते अंतर विश्वासाचे आहे, शिकवणुकीचे आहे आणि जागेचे आहे. मुलीला विश्वास द्यायचा, शिकवण द्यायची, पण वावरायला निर्धोक जागा द्यायची नाही, असे आपला समाज करतो. कुत्र्याला लाड द्यायचा, साखळी सोडायची, पण शिकवण आणि जागा द्यायची नाही, असेही तो करतो. दोन्हीकडे एक पाय लंगडाच राहतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नावर प्रेम आणि द्वेष यांच्या घोषणा देण्यापेक्षा आपल्या भागातील एक पडीक जागा शोधा. तिचा नकाशा काढा. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि दर महिन्याला जाऊन विचारा. मी असा एक अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात आईचे नाव पहिले असेल. तिला सही येत नव्हती. गेल्या दिवाळीत ती शिकली. अर्जावर कुत्र्याच्या मालकांच्याही सह्या लागतील. पहिली सही मागायला मी ताईंकडेच जाणार आहे.